तानाजीची हजेरी

आधीच सांगून टाकतो, मी इतिहासाचा मास्तर आहे. तेव्हा या गोष्टीत मी तराजू धरून बसेन असं कुणी समजू नये. उभी हयात एकाच शाळेत एकच विषय शिकवला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासालाही पोरं माझ्यासमोर पेंगत नसत, एवढा गर्व मला आहे. बाकी माझ्या स्वभावाबद्दल गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बोलोत.

गाव रहिमतपूरपासून थोडं आत. ऊस, आलं, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत. मी मूळचा पलूसचा. इथे नोकरीला लागलो तेव्हा दोन-चार वर्षं काढायची आणि आपल्या मुलखात परत जायचं असं मनात होतं. पण पहिल्याच सव्वीस जानेवारीला एक प्रकार बघितला आणि परत जायचा विचार डोक्यातून गेला तो गेलाच.

झेंडावंदन झालं, कवायत झाली, आणि मग जुने हेडमास्तर हातात कागद न घेता पुढे आले आणि त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. मुलांची नव्हे. गावातून फौजेत गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची. पार पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेलेल्यांपासून. नाव पुकारलं की गर्दीतून त्या घरचं कुणीतरी उठायचं आणि म्हणायचं, "हजर!" पणतू असेल, पुतण्या असेल, नाहीतर नुकतीच लग्न होऊन आलेली सून असेल. घराला कुलूप असलं तर दहावीचा वर्ग उठून एका आवाजात "हजर" म्हणायचा. पुकारलेलं नाव मोकळं सोडायचं नाही, हा नियम. एकाहत्तरच्या लढाईत शाळेचा एक माजी विद्यार्थी गेला, त्याचा धाकटा भाऊ शाळेतच शिकत होता. त्या वेळच्या मास्तरांनी झेंड्यापुढे थोरल्याचं नाव पुकारलं आणि धाकटा उठून "हजर" म्हणाला. तिथून ही रीत पडली. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट, दोन्ही दिवशी.

जुने हेडमास्तर निवृत्त झाले आणि ते काम माझ्याकडे आलं. नावं मला तोंडपाठ होती. पुढे त्यात एक नाव माझ्या हातून वाढलं.

तानाजी अर्जुना माने. अभ्यासात बेताचा, पण पळण्यात तालुक्यात पहिला. वर्गात वेळेवर यायचं म्हणजे त्याला पाप वाटायचं. माझी हजेरी अर्ध्यावर आली की हा व्हरांड्यातून धावत यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "हजर, सर!" सगळा वर्ग हसायचा. मी डस्टर उगारायचो, आणि हसू आवरायला फळ्याकडे तोंड करायचो. बारावी झाली आणि तो भरती झाला. नायक झाला. उत्तरेला कुठेतरी बर्फात त्याची चौकी होती. एका पहाटे वरचा कडा सुटला आणि चौकी गाडली गेली.

पेटी आली ती बंदच आली. त्याच्या आईने, धोंडुबाईंनी, "एकडाव तोंड दावा" म्हणून पदर पसरला. बरोबर आलेल्या साहेबांनी हात जोडले, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण पेटी काही उघडली नाही.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी तानाजीचं नाव पुकारलं. त्याचे वडील अर्जुना उठले आणि नुसतेच उभे राहिले. मी दुसऱ्यांदा पुकारलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "हजर." बारीक, चिरकलेला. धोंडुबाई उभ्या होत्या. चार पुरुष माणसांपुढे जन्मात कधी आवाज न चढवलेली ती बाई.

त्या दिवसापासून ते काम त्यांचं झालं. अर्जुना पुढे वारले, तरी त्यांनी ते सोडलं नाही. हजेरीच्या आधी आठवडाभर त्या चिंच-ताक तोंडाला लावत नसत, घसा बसेल म्हणून. सगळ्यांच्या आधी शाळेत यायच्या. खुर्ची दिली तर बसायच्या नाहीत, व्हरांड्याच्या पायरीवर बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "गुरुजी, आवाज लांबपातूर जायाला पायजे. जातोय न्हवं?"

"रहिमतपूरच्या बाजारात ऐकू येतो," मी चेष्टा केली.

"तेवढ्यानं काय हुतंय? त्यो लय लांब हाय."

मी बोलघेवडा माणूस, पण त्या बाईने मला पुष्कळदा गप्प केलं आहे.

आता स्वप्नालीबद्दल. ही तानाजीची धाकटी बहीण. तीही माझीच विद्यार्थिनी, पण इतिहासात काठावर पास. सांगलीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात चांगली नोकरी धरली. वडील गेल्यावर धोंडुबाई पुण्याला यायला तयार होईनात. "शाळा हाय की माझी हितं," म्हणायच्या. तेव्हा हीच नोकरी सोडून गावात आली आणि आमच्या शाळेत संगणक शिकवू लागली. पोरगी हुशार आणि जिभेची धारदार. शिक्षकखोलीत आमचं रोज वाजायचं.

"सर, तुमच्या इतिहासात सगळी मेलेलीच माणसं कशी हो?"

"तुझ्या त्या रोबोंपेक्षा जिवंत आहेत," मी म्हणायचो. मग ती माझ्या चहात साखर जास्त घालायची, मला डॉक्टरांनी बंद केलेली. आमचं भांडण असं होतं. त्यात विष नव्हतं.

गेल्या डिसेंबरात मात्र गोष्ट चहाच्या कपातून बाहेर आली. शाळासमितीचा अध्यक्ष धैर्यशील, हाही माझा विद्यार्थी, ट्रॅक्टरचा व्यवसाय करतो. त्याने पुण्यातून एक तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा मिळवली. संगणक, रोबो, छोटे ड्रोन, भला मोठा पडदा. बदल्यात त्या तासांना शाळेचा शनिवार हवा होता. आणि शनिवार माझा होता. शनिवारी मी इतिहासाचे जादा तास घ्यायचो, पोरांना वर्धनगडावर न्यायचो, गावच्या वेशीतले वीरगळ धुवायला लावायचो. त्यातच हजेरीची तयारी व्हायची, कुणाच्या घरातून कोण उठणार ते ठरायचं. मी धैर्यशीलला सांगितलं, शनिवार मागायचा तर माझं डोकं माग. त्याने पालकसभा बोलावली.

सभेत तो हसतहसत उठला. "सर, राग मानू नका. पण तुमच्या तासाला बसून आमची सगळी बॅच भरतीच्या मैदानात पळाली. माझे तळपाय सपाट निघाले म्हणून मी हितं हाय. इतिहास शिकून आमी मरायला शिकलो, सर. आता पोरांना जगायला शिकवू."

लोक हसले. मग हसू आपोआप विझलं, कारण पायरीवर धोंडुबाई बसल्या होत्या.

मी उठलो आणि माझं सगळं पणाला लावलं. म्हणालो, यंत्र चालवायला शिकलेला पोरगा कुठेही पोट भरेल, पण आपण कुणाच्या जिवावर उभे आहोत हे ज्याला ठाऊक नाही, तो पोट भरून झाल्यावर करणार काय? बरंच बोललो. टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकली.

तेवढ्यात सुभेदार ज्ञानू आबा उठले. मिशीवर पीळ, कोटावर पदकं. मला वाटलं आपलाच गडी. आबा म्हणाले, "गुरुजी, तुमी बोलता ब्येस. पर आमच्या टायमाला हातात रायफल हुती. आता वरनं ड्रोन येतंय, आन् पोरगं वर बघत ऱ्हातंय. शिकवा की त्यास्नी. एक पोरगं जरी वाचलं तर तुमची हजेरी एका नावानं कमी भरंल. भरू द्या कमी."

मी खाली बसलो. मग धैर्यशीलला काय वाटलं कोण जाणे, त्याने पायरीकडे बघून विचारलं, "काकू, तुमी सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं," धोंडुबाई म्हणाल्या. पण मग बोलल्या, "स्वप्नाली सांगत हुती, बरफ कवा सुटनार ते मशीनला आदी कळतंय म्हनं. व्हय का गं?"

स्वप्नालीने मान हलवली.

"मग पैलं ते शिकवा. गुरुजींचं त्याच्या मागनं." आणि माझ्याकडे वळून, "आवं, राग मानू नगा, गुरुजी."

मी कसला राग मानतो. जिच्या मुलाचं नाव मी पुकारत होतो तिनेच कौल दिला होता, आणि तो कौल चुकीचा होता असं मला अजूनही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

"पर हजेरी ऱ्हाऊ द्या," त्या पुढे म्हणाल्या. "माझं तेवढंच हाय."

धैर्यशील पुढे आला आणि त्यांच्या पाया पडला. "काकू, हजेरी बंद पडनार न्हाई. शब्द दिला."

त्याने शब्द पाळला. मला त्याच्यावर नीट रागावताही येत नाही ते त्यामुळेच.

जानेवारीत एका दुपारी शिक्षकखोलीत आम्ही दोघंच होतो. स्वप्नालीने फोन माझ्यासमोर ठेवला. "सर, ऐका." आणि त्यातून तानाजी बोलला. "स्वप्ने, आईला म्हणावं गुडघ्याला तेल लाव. आन् तू अभ्यास कर, नुसतं मोबाइल बघू नगंस." त्याने चौकीवरून वेळोवेळी पाठवलेले आवाजी निरोप तिने एवढी वर्षं जपून ठेवले होते.

"आता हे ऐका," ती म्हणाली.

"हजर, सर!"

तोच पोरगा. धावत आल्यासारखा, दारातून. हे शब्द त्याने कुठल्याच निरोपात म्हटले नव्हते. ते निरोप संगणकाला ऐकवून ऐकवून तिने त्याला तानाजीचा आवाज शिकवला होता, आणि आता तो आवाज सांगाल ते बोलत होता.

"बंद कर ते," मी म्हणालो. आणि थोड्या वेळाने म्हणालो, "परत लाव."

तिने परत लावलं. दोघंही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"आईला ऐकवलंस?"

"नाही. सव्वीस जानेवारीला. सर, आई एवढी वर्षं त्याचं नाव ऐकते आणि स्वतःच उत्तर देते. एकदा त्याने दिलं तर? तिच्या कानावर त्याचा आवाज पडला तर?"

"तिला आधी सांग, स्वप्नाली."

"सरप्राइज असू दे की, सर." मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दादाची गोष्ट सांगता तेव्हा सगळा वर्ग ऐकतो. मला गोष्ट सांगता येत नाही. मला एवढंच येतं."

मी तिला निघतानाही बजावलं, आईला सांग म्हणून. तिने मान हलवली आणि सांगितलं नाही. पोर आनंदात होती. त्या घरात आनंद येऊन फार दिवस झाले होते, तो तिच्या हातून कोण काढून घेणार?

सव्वीस जानेवारीला मैदानाच्या कडेला, मांडवाखाली, तो नवा पडदा उभा होता. धोंडुबाई नेहमीप्रमाणे आधी येऊन पायरीवर बसलेल्या. निळं इरकली लुगडं नेसलेल्या, केस चापूनचोपून बसवलेले. मी हजेरी सुरू केली. घराघरांतून माणसं उठत होती, "हजर" म्हणत होती, बसत होती. सूर्य वर आला होता. मग मी म्हटलं, "नायक तानाजी अर्जुना माने."

धोंडुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर सारखा केला. छातीभरून श्वास घेतला.

पडद्यावर उजेड आला. तानाजीचा फोटो, गणवेशातला, टोपी किंचित तिरकी. त्याच्या पापण्या हलल्या. ओठ हलले.

"हजर, सर!"

मैदान एकदम फुटलं. बायका पदर तोंडात धरून रडत होत्या, पोरं टाळ्या पिटत होती, ज्ञानू आबा ताठ उभे राहून सॅल्यूट ठोकत होते. स्वप्नाली पडद्याशेजारून आईकडे बघत होती. पहिला नंबर आल्यावर पोर घरी येऊन बघते, तसा तिचा चेहरा होता.

धोंडुबाई उभ्याच होत्या. तोंड अर्धवट उघडं, आत घेतलेला श्वास तसाच. त्यांना तो सोडायला जागाच मिळाली नव्हती. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आजूबाजूच्या लोकांकडे, आपण चुकून उभ्या राहिलो की काय अशा नजरेने. कुणाचंच लक्ष त्यांच्याकडे नव्हतं, सगळे पडद्याकडे बघत होते. मग त्या हळूच खाली बसल्या.

धैर्यशीलने कोपराने ढोसलं तेव्हा मी पुढचं नाव घेतलं.

त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरला. पार शेजारच्या जिल्ह्यातल्या आटपाडीपासून फोन आले. कुणी म्हणे शाळा असावी तर अशी. धैर्यशील पेढे घेऊन माझ्या घरी आला. "बघा सर, इतिहास आन् तंत्रज्ञान एका मांडवात आलं. भांडणच मिटलं की." पंधरा ऑगस्टपर्यंत ज्यांचे ज्यांचे फोटो मिळतील त्या सगळ्यांना पडद्यावर आणायचं ठरलं होतं. मी पेढा घेतला नाही. साखर बंद आहे म्हणून सांगितलं.

चार-आठ दिवसांनी धोंडुबाईंनी मला घरी बोलावलं. दिवेलागणीच्या आधीची वेळ. स्वप्नाली आत चहा टाकत होती. धोंडुबाई जोत्यावर बसल्या होत्या, मला बसायला रकटं टाकून दिलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, येक इचारायचं हुतं. आता मी न्हाई आले तर चालतंय न्हवं?"

"कुठं?"

"शाळंत. हजेरीला. त्यो सोता हजर म्हनतोय. मग मी कशाला?"

मी म्हटलं, "असं कसं? तुम्ही आलंच पाहिजे. मी सांगतो धैर्यशीलला, पुढच्या वेळी..."

"न्हाई गुरुजी. लोक म्हनत्याल, पोरगं बोलतंय आन् म्हातारी मधीच वराडती."

स्वप्नाली कप घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. "आई, असं काय बोलतेस? तुझ्यासाठी केलं मी ते."

"व्हय गं बाई. लय ग्वाड केलंस. त्याचाच आवाज. मला तर वाटलं भाईरनं पळत आला." मग गळ्यावर हात ठेवून मला म्हणाल्या, "मी म्हनायचे न्हवं, तवा त्यो हितनं यायचा. चार दिस आदीपासनं हितं जड व्हायाचं. आन् त्यो शब्द भाईर पडला की हलकं वाटायचं, पुढच्या येळंपातूर. आवंदा हितं जड झालं ते तसंच ऱ्हायलंय. खाली बी जाईना, वर बी यीना."

स्वप्नालीने कप जमिनीवर ठेवले, कमरेचा फोन काढला. "मी पुसून टाकते. आत्ताच्या आत्ता. कायमचं. मग पुन्हा तू म्हण, आई."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, पूस बाई, पूस.

धोंडुबाईंनी झटकन तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "काय पुसतीस?"

"दादाचा आवाज. तो पडद्यावरचा."

"मंजे त्यो परत बोलनार न्हाई?"

"नाही."

"येडी हाईस का तू? पेटीत घालून आनला तवा मला काय करता आलं न्हाई. तोंड सुदीक बघू दिलं न्हाई कुनी. आता तू माझ्या डोळ्यांम्होरं त्याला दुसऱ्यांदा मारतीस व्हय?"

त्यांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि पदराखाली छातीशी धरला. तान्ह्याला पाजायला घेतात तसा. आणि तशाच डुलत म्हणाल्या, "असू दे त्याला. बोलू दे. मी न्हाई येत."

"आई, मग मी काय करू गं?" स्वप्नाली दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. "मी काय करू आता?"

धोंडुबाई डुलतच राहिल्या. चहा तिथेच थंड झाला. मी घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं काय झालं, तर मी तिच्यावर विनाकारण खेकसलो.

मे महिन्यात मी निवृत्त झालो. माझ्या जागी इतिहासाला कुणी आलं नाही, तास इतरांनी वाटून घेतले. शनिवार आता रोबोंचा. एकदा खिडकीतून डोकावलो होतो. पोरं रमली आहेत, खोटं कशाला बोलू. पूजा म्हणून सातवीतली एक मुलगी मातीचा उतार करून त्यात तारा खोचत होती. म्हणाली, "सर, माती घसरायला लागली की हा दिवा आधीच लागतो." बघितलं, खरंच लागला. मी तिची पाठ थोपटली आणि लवकर निघालो. हे यंत्र त्या कड्यावर असतं तर. आणि ते बनवणारं पोर माझ्या शाळेतलं असतं तर. पण मी तर पोरांना वीरगळ धुवायला नेत होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि या वयात मला त्यांचा मेळ घालता येत नाही.

पंधरा ऑगस्टला मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी गेलो नाही. सकाळी आवरून सरळ मान्यांच्या घरी गेलो, धोंडुबाईंना हाताला धरून शाळेत न्यायचं असं ठरवून. स्वप्नाली पडदा चालवायला आधीच गेली होती. आदल्या दिवशी तिने आईला पुन्हा विचारलं होतं, मी तेवढं एकच नाव गाळते, तू ये. आईने साफ नाही म्हणून सांगितलं होतं.

धोंडुबाई आत बसल्या होत्या. निळं इरकली नेसलेल्या होत्या, केसही नीट विंचरलेले. पण पायात वहाणा नव्हत्या, आणि समोर सुपात घेवडा घेऊन निवडत होत्या.

"चला," मी म्हणालो.

"न्हाई गुरुजी. तुमी बसा. हितनं बी ऐकू येतंय."

येत होतं. वारा शाळेकडून होता आणि कर्णा आता पूर्वीपेक्षा मोठा. राष्ट्रगीत संपलं. हजेरी सुरू झाली, नावं पुकारणारा आवाज माझा नव्हता, मला ते चमत्कारिक वाटत होतं. घराघरांतली माणसं उत्तरं देत होती, मधूनच एखादा पडद्यावरचा बोलत होता. धोंडुबाई सुपातले खडे काढत होत्या. त्यांच्या हाताचा वेग कमी कमी होत गेला.

"नायक तानाजी अर्जुना माने."

"हजर!"

धोंडुबाई. बसल्या जागी, मान वर करून, पूर्ण गळ्याने. अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या. घेवड्याचे दाणे जमिनीवर सांडले. आणि त्याच्या पाठोपाठ, शाळेकडून, वाऱ्यावर, "हजर, सर!"

त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. माझ्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत भीती होती, एखाद्या पोराने काही फोडल्यावर असते तशी.

"आवं गुरुजी, मी आदी बोलले."

"बरं झालं बोललात," मी म्हणालो. "चांगलं झालं, धोंडुबाई."

"न्हाई, न्हाई. त्यानं ऐकलं आसंल का? त्याला वाटंल, आई मला बोलूच देत न्हाई." त्या उठल्या, भिंतीला धरत दारापर्यंत गेल्या. शाळेकडे पुढचं नाव पुकारलं जात होतं. उंबऱ्यात उभ्या राहून, कर्ण्याच्या दिशेला तोंड करून, अगदी हळू, शेजारच्या घरातही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "बोल रं, बाळा. तू बोल. मी गप ऱ्हाते."